शेवटचं प्रकरण आधी

नलूताई गेल्याचं त्यांच्या मुलीने, स्वातीने, फोनवर सांगितलं तेव्हा मी तळेगावहून चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये होते. मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. माणूस गेल्यावर बरं काय म्हणायचं... पण तोंडातून तेच आलं.

चाकणच्या कारखान्यात नलूताई तपासणी विभागात होत्या. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. नाताळात कंपनी आठवडाभर बंद असते. बाकीचे गावाला पळायचे, या बाई मात्र चिखलीच्या फ्लॅटमध्ये दुलई ओढून रहस्यकथा वाचायच्या. त्याही एका ठरावीक जातीच्या: परदेशातलं बर्फाळ खेडं, घरोघरी नाताळचे केक आणि चौकशा करत हिंडणारी एखादी उचापती म्हातारी. रक्त अजिबात चालायचं नाही. "खून व्हावा, पण पसारा नको," त्या बीडकडच्या हेलात म्हणायच्या. "आन् मेलेला माणूस पहिल्या पानावरच मेलेला पाहिजे, म्हणजे आपल्याला त्याचा लळा लागत नाही."

पुस्तक वाचायला देताना शेवटच्या प्रकरणाची पानं त्या पिवळ्या 'होल्ड'च्या स्टिकरने चिकटवून द्यायच्या. शंका असलेल्या मालावर आम्ही लावतो, तोच स्टिकर. तपासणी झाल्याशिवाय माल पुढे जाणार कसा? खुनी कोण आणि कशावरून, हे आधी मी त्यांना फोनवर सांगायचं. त्यांना पटलं तरच स्टिकर काढायचा. एकदा मी बिचाऱ्या पाद्र्याला खुनी ठरवलं, तर बाईंनी माझी चांगलीच हजेरी घेतली.

गेल्या डिसेंबरात त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. अक्षर लागत नव्हतं, म्हणून सुट्टीत मी रोज जाऊन वाचून दाखवायचं ठरलं. पहिल्याच दिवशी त्यांनी नवं पुस्तक माझ्या हातात दिलं.

"शेवटचं प्रकरण आधी वाच."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. "आणि तपासणी, ताई?"

"आता तितका दम नाही गं. अर्ध्यात राहिलं तर जीव टांगणीला लागंल."

मी पुस्तक मागून उघडलं आणि वाचलं. खुनी निघाला सगळ्यांत गोड बोलणारा बेकरीवाला. नलूताई खूश! "सुटलो बघ एकदाचं. आता पहिल्यापासून वाच, सावकाश."

इतकं निवांत आम्ही कधीच वाचलं नव्हतं. कोण खोटं बोलतंय याची काळजीच उरली नव्हती. बेकरीवाला कुणाला चहा द्यायला लागला की त्या मिटल्या डोळ्यांनी हसायच्या, "कसा साळसूद बघ मेला!" बाहेर वर्कशॉपांची घरघर चालू असायची, आत बर्फ पडत असायचं. मला त्या दुपारी फार आवडल्या.

सुट्टी संपली तेव्हा पुस्तक निम्म्यावर आलं होतं. "रविवारी ये," म्हणाल्या. त्या रविवारच्या आधीच त्या गेल्या.

ते पुस्तक स्वातीने मला दिलं. परवा उरलेलं वाचायला बसले. मनातल्या मनात वाचायला जमेना, म्हणून रिकाम्या घरात मोठ्याने वाचलं. शेवटच्या प्रकरणापाशी आले आणि पुस्तक मिटलं. ते आमचं दोघींचं वाचून झालंय.