लाल थराखालचं पाणी

सुलतानपूरच्या वाहेदभाईंनी तीस वर्षं विहिरी खोदल्या. ते खडकावर पहार आपटायचे, कान लावायचे आणि खाली काय आहे ते सांगायचे. तरुणपणी लोणारला आलेल्या भूगर्भ अभ्यासकांच्या दगडांच्या गोण्या त्यांनी दोन हिवाळे वाहिल्या. त्या माणसांचं बोलणंही त्यांनी जपून ठेवलं.

बीटी कपाशी आली तशी प्रत्येकाला विहीर हवी झाली. ऐन बोंडं भरताना पाऊस दडी मारायचा. गीताबाईंना सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली आणि वाहेदभाईंनी ती खोदायला घेतली. बेचाळीस फुटांवर काळा पाषाण लागला. तपासणीला आलेले साहेब काठावरूनच म्हणाले, "फेल. बंद करा."

"हा लाव्ह्याचा एक थर हाय, साहेब," वाहेदभाई म्हणाले. "याच्याखाली लाल माती, तिच्याखाली जुन्या थराचं डोकं. त्यात वाफेच्या बुडबुड्यांची भोकं राह्यली. पाणी तिथंच राह्यते."

"लाव्हा? इथं ज्वालामुखीचा डोंगर कुठंय? की लोणारचं तळंच ज्वालामुखीचं तोंड म्हणून दाखवता?"

"ते तर आभाळातून पडलेल्या दगडानं झालं. लाव्हा घट्ट पिठल्यावानी असला त ढीग व्हते, उभा डोंगर. राख-खडे उडून पडले त माथ्यावर खळगा असलेली टेकडी. पातळ असला त पालथ्या परातीवानी पसरट डोंगर. आपल्या इकडं जमीनच लांबच लांब भेगाळली, अन् तो कढीवानी वाहत गेला. थरावर थर. मंग डोंगर कशाचा व्हईन?"

"शिक्षण किती तुमचं?"

"चौथी."

साहेब हसले आणि कागदावर 'पाणी नाही' लिहून गेले. चौथी ही काय विहिरीची खोली मोजायची पट्टी आहे?

वाहेदभाईंनी आपल्या माणसांना घेऊन काम चालूच ठेवलं. एक्कावन्न फुटांवर लाल माती लागली. तिच्याखालचा जाळीदार दगड फोडला, तसं दोन दिवसांत छातीएवढं पाणी चढलं. पण कागदावर विहीर कोरडी होती. कोरड्या विहिरीला मोटारीची वीज मिळत नाही. गीताबाईंच्या कचेरीच्या तीन फेऱ्या वाया गेल्या. पाण्याच्या काठावर अर्धी कपाशी वाळली.

मग साहेब पुन्हा आले. वाकून पाणी पाहिलं आणि वाहेदभाईंपुढे कागद धरला. "तपासणीच्या वेळी पाणी नव्हतं, नंतर लागलं, एवढं लिहून द्या. लगेच वीज मिळवून देतो."

वाहेदभाईंनी गीताबाईंकडे पाहिलं. वाळलेलं रान बाईंचं होतं.

"लिहू नका, भाऊ," गीताबाई म्हणाल्या. "पाणी तवाबी खाली व्हतंच. हे काठावर उभे व्हते."

आणि त्यांनी दोराला बादली बांधून विहिरीत सोडली.