उघड्या फाटकाशी थांबणारी बाई

हं, फोन जरा कानाजवळ धर. लांबून मला रागावता येत नाही. इथे जपानातच, एदोगावात राहतेस, म्हणजे काही साता समुद्रापलीकडे नाही, आणि माझी बातमी तू ऐकतेस कुणाकडून, तर माझ्या मुलाकडून! 'मावशी, लायसन्स परत केलंत, फार शहाणपणाचा निर्णय', असा तुझा निरोप, आणि खाली हात जोडलेलं चित्र. अगं, आधी मला विचारायचंस तरी! लायसन्स माझ्या पर्समध्ये आहे. त्यावरच्या फोटोत मी चोरासारखी दिसते, पण आहे. मुलाने काम व्हायच्या आधीच दवंडी पिटली, एवढंच.

आता नीट ऐक.

उरायासुचा फ्लॅट सोडून ह्यांनी निवृत्तीनंतर चिबाच्या आतल्या बाजूला हे घर घेतलं, तुला माहीतच आहे. हे गेले, घर राहिलं. इथली बस दुपारी एकदा जाते ती संध्याकाळीच तोंड दाखवते. स्टेशन, दवाखाना, भाजी, सगळं माझ्या त्या पिवळ्या नंबरप्लेटच्या छोट्या गाडीवर. म्हणजे लायसन्स गेलं की गाडी गेली, गाडी गेली की घर गेलं, आणि मग कावासाकीला मुलाच्या फ्लॅटमध्ये, जिथे कपडे वाळत घालतात त्या खोलीत माझा पलंग. सुनेने पलंगाची मापंसुद्धा घेऊन ठेवली आहेत. मापं घेण्यात फार हुशार आहे ती.

पंचाहत्तरी उलटली की इथे लायसन्सच्या नूतनीकरणाला डोक्याची परीक्षा देतात. चित्रं दाखवतात, मध्येच आकडे खोडायला लावतात, आणि मग मघाची चित्रं आठवून लिहायची. मी पास झाले. गाडीच्या पुढेमागे म्हाताऱ्यांचं ते रंगीत चार पाकळ्यांचं चिन्हही लावलं. पण मुलाला पोलिसांची परीक्षा पुरेना. याला स्वतःला गाडी येत नाही हं! ट्रेनने ऑफिसला जातो, ट्रेनने येतो. रेल्वेचं फाटक त्याने आयुष्यात पाहिलं ते ट्रेनच्या आतून.

तेवढ्यात इंग्लंडहून माझे धाकटे दीर आले, आणि मुलाने त्यांनाच परीक्षक नेमलं. 'काका चाळीस वर्षं तिकडे गाडी चालवतायत. ते शेजारी बसून बघतील. ते म्हणतील ते आपण मानायचं.' आपण म्हणजे कोण, ते काही सांगितलं नाही.

भाऊजींचं काय सांगू! विमानतळावरून घरी येईपर्यंत इंग्लंडच्या रस्त्यांचं कीर्तन. मी म्हटलं, बॅगा डिकीत ठेवा. तर म्हणतात, 'वहिनी, डिकी नाही, बूट म्हणायचं. डिकी आपल्याकडे साहेब विसरून गेला.' मी म्हटलं, बरं, बुटात ठेवा, पण चिखल लागू देऊ नका. स्टेपनी कुठे आहे विचारलं. म्हटलं, या गाडीत स्टेपनी येतच नाही, पंक्चरचं औषध येतं. त्यावर असं तोंड केलं की जणू मीच ती विकून खाल्ली! गाडीची सरकारी तपासणी इथे दोन वर्षांनी होते म्हटल्यावर, 'आमच्याकडे दरवर्षी.' चौकात सिग्नल लागला की, 'आमच्याकडे इथे राउंडअबाउट असता.' आणि पुढच्या काचेतून ते चार पाकळ्यांचं चिन्ह बघून म्हणतात, 'आमच्याकडे असं शिकाऊ लोकांना लावतात.' एवढं होतं तिकडे, तर सुट्टी इथे काढायला कशाला आले कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. मी चालवतेय, भाऊजी शेजारी, मुलगा मागे हाताची घडी घालून. भाऊजींचं चालू, 'आरसा, इंडिकेटर, मग वळण.' शेताच्या कडेने गेलं की ते रेल्वेचं छोटं फाटक लागतं ना, तिथे आलो. फाटक उघडं. मी नेहमीसारखी रेघेशी गाडी पूर्ण थांबवली, काच खाली केली, कान दिला, दोन्हीकडे बघितलं.

'वहिनी, फाटक उघडं आहे.'

'दिसतंय मला.'

'मग थांबलात का?'

'इथे थांबतात.'

'कशासाठी?'

'कायदा आहे. फाटक उघडं असलं तरी थांबायचं.'

भाऊजींनी मान वळवून मागे बघितलं. मुलाने त्यांच्याकडे बघितलं. मला आरशात दिसत होतं, आरसा बघायचा धडा मघाशीच झाला होता. मुलगा अगदी मऊ आवाजात, दवाखान्यात बोलतात ना तसा, म्हणाला, 'आई, असं तुला कुणी सांगितलं?'

काय वाटलं असेल मला! वीतभर फोन त्याच्या खिशात. सगळ्या जगाची पंचाईत त्यात करतो, हॉटेलातल्या सूपवरही चार जणांची मतं वाचल्याशिवाय चमचा उचलत नाही. एवढं बघायला काय झालं होतं? पण बघितलं, आणि आईचं खरं निघालं, तर पलंगाची मापं फुकट जायची.

घरी आल्यावर माझ्याच हातचे पोहे खात निकाल लागला. 'स्टिअरिंगवर हात चांगला आहे हो, पण भास होतात. मोकळ्या रस्त्यात थांबल्या, काच उघडून काय ऐकत होत्या देव जाणे. आमच्याकडे असं थांबलं तर मागचा येऊन आदळेल.' मुलगा म्हणाला, 'सोमवारी पोलीस स्टेशनला जाऊन लायसन्स परत करू, आई. टॅक्सीत सवलत मिळते.' सवलत! टॅक्सी यायला इथे अर्धा दिवस लागतो. आणि मी पोह्यांची ताटली उचलायच्या आत त्याने फोन काढून तुम्हा सगळ्यांना कळवलंसुद्धा. सूपवर मतं वाचणारा फोन तो हाच बरं का.

संध्याकाळी मुलाला स्टेशनवर सोडायचं होतं. किल्ली भाऊजींनी उचलली. त्यांच्याकडे बाहेरच्या देशात चालवायचा परवाना होता. मला मागे बसवलं, माझ्याच गाडीत, माझ्याच छत्रीशेजारी. आरसा, इंडिकेटर, वळण, सगळं सुरेख. फाटक दिसायला लागलं तशी मी म्हटलं, 'भाऊजी, थांबा.'

'उघडं आहे, वहिनी.'

'अहो, थांबा म्हणते ना!'

'आई, काकांना चालवू दे,' मुलगा म्हणाला.

आणि गेले की सुळकन रूळ ओलांडून! पलीकडे झुडपाआड पोलिसांची पांढरी मोटरसायकल कायम उभी असते. पोलीस आला, आधी छान वाकला, मग फाटकाकडे बोट दाखवलं. भाऊजी मोठमोठ्याने इंग्रजीत, 'गेट वॉज ओपन!' पोलिसाला इंग्रजी येईना. तो शांतपणे जपानीत सांगतोय, की इथे फाटक उघडं असलं तरी प्रत्येक वाहनाने आधी पूर्ण थांबायचं आणि खात्री करून मगच पुढे जायचं. मुलगा शाळेपासून जपानीत वाढलाय, सगळं कळत होतं त्याला, पण फोनमध्ये डोकं घालून बसला. भाऊजी मला म्हणाले, 'वहिनी, काय म्हणतोय हा?'

मी म्हटलं, 'तुम्हाला भास होत नाहीत, असं म्हणतोय.'

मग काय लिहायचं ते दंडाच्या कागदावर लिहून झालं. पोलीस खिडकीतून वाकून माझ्याकडे बघत म्हणाला, 'आजी, गाडी तुमची का?' मी हो म्हटलं. उतरले, पुढचं दार उघडलं, आणि म्हटलं, 'भाऊजी, बाजूला व्हा.' झाले. सीट त्यांनी मागे ढकलून ठेवली होती, ती पुढे घेतली. माझे पाय पोचायला नकोत?

पुढे स्टेशनपर्यंत मीच नेली. राउंडअबाउट नाही, बूट नाही, काही नाही. इतकी निवांत गाडी मी कित्येक दिवसांत चालवली नव्हती. उतरताना मुलगा म्हणाला, 'आई, सोमवारी मला मीटिंग आहे.' म्हटलं, जा बाबा. वर निर्लज्जासारखा म्हणतो, 'निदान हायवेवर जाऊ नकोस.' मी काच वर केली.

आणि तुला सांगते, मला काही जन्मभर गाडी चालवायची हौस नाही. त्या फाटकाशी थांबायचं ज्या दिवशी मी विसरेन, त्या दिवशी मीच जाऊन लायसन्स टेबलावर ठेवेन. पण ते मी ठरवणार. ट्रेनच्या आतून फाटक बघणाऱ्याने नाही.

तेव्हा तो हात जोडलेला निरोप आधी मागे घे, आणि ये. मागच्या जपानी काकीच्या झाडाला टोमॅटोसारखी केशरी फळं धरली आहेत, कावळे खाऊन टाकतील. बसची वाट बघू नकोस, स्टेशनच्या दक्षिणेच्या दारापाशी उभी राहा, मी घ्यायला येते. फक्त वाटेत त्या फाटकाशी मी थांबले, की 'मावशी, काय झालं?' म्हणायचं नाही. तूही काच खाली कर, आणि माझ्याबरोबर कान दे. येत्या रविवारीच ये ना.