एसटीतून आलेला आवाज

कंडक्टर मास्तर तिकिटाआधी फोनची चौकशी करायचे. "पावणं, फोन बरा हाय न्हवं?" असं विचारल्यावरच त्यांचा हात तिकिटाच्या मशीनकडे जायचा. गगनबावड्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात असलेल्या आमच्या गावात तेव्हा रेंज नव्हती. फोन बिघडला की कोल्हापूर गाठायचं, म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. मग गावानं दुपारच्या एसटीच्या या मास्तरांनाच धरलं.

एसटी आमच्याकडे अर्धा तास थांबायची. ड्रायव्हर सावलीला आडवा व्हायचा आणि मास्तर मागच्या बाकावर डबा सोडायचे. डबा उघडायचा अवकाश, की भोवती माणसं फोन घेऊन उभी. "थांबा, उजवा खरकटा हाय, डाव्यानं बघतो," म्हणत ते एका हातानं भाकरी मोडायचे आणि दुसऱ्या हातानं बटणं दाबायचे. कुणाचा फोन भरून अडलेला असायचा, कुणाचं ॲप जुनं होऊन बसलेलं. त्यांची भाची कोल्हापुरात, राजारामपुरीत मोबाईलचं दुकान चालवायची. तिच्याकडून लागेल ते मेमरी कार्डात भरून मास्तर दुसऱ्या दिवशी हजर व्हायचे. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं? भाची शाणी हाय. मी नुसता हमाल."

फोनला हात लावण्याआधी मात्र एक प्रश्न ठरलेला. "पुसलं गेलं तर चालंल का?" कारण एकदा त्यांच्या हातून शेजारच्या मावशींच्या नातवाच्या बारशाचे सगळे फोटो गेले होते. दुसऱ्या दिवशी ते एसटीतून उतरून थेट मावशींच्या दारात गेले. "माझ्या हातनं गेलं, मावशी. शिव्या द्या," म्हणाले. मावशींनी शिव्या दिल्या आणि मग चहाही दिला. मास्तरांच्या हातात तो तसाच निवला.

आबांचा फोन बंद पडला तेव्हा मी मास्तरांकडेच गेले. आबा म्हणजे माझे वडील. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली होती. मी दिवसभर अंगणवाडीत. घरात त्यांना सोबत त्या बोलणाऱ्या फोनची. तो वेळ सांगायचा, गोळीची आठवण करायचा, भरून ठेवलेली भजनं लावायचा. तो फोन एके सकाळी सुरू होताना पडद्यावरच्या कंपनीच्या नावावर अडकला, तो पुढे जाईना. आबा उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागले, "किती वाजलं?" मग चार दिवसांनी विचारायचंही सोडून दिलं. मला त्याचीच भीती वाटली.

मास्तरांनी फोन बंद-चालू करून बघितला. "आतलं सगळं नव्यानं घालाय लागंल. भजनं पुसणार."

"जाऊ द्यात," मी म्हणाले. "ती परत भरता येतील."

"तू न्हवं. फोन त्यांचा हाय, त्यास्नी इचार."

मी घरी जाऊन विचारलं. आबा म्हणाले, "पुसू दे. बोलाय लागला की झालं."

दुसऱ्या दिवशी मास्तर कार्ड घेऊन आले. मी आबांना हाताला धरून एसटीत नेलं. मास्तरांनी फोनला पॉवर बँक जोडली, कार्ड घातलं, दोन बटणं दाबून धरली. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या पावलानं सरकू लागली. ती निम्म्यावर आली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सुटायची वेळ झाली होती.

"मधी काढला तर मेला बघा फोन," मास्तर म्हणाले. "आबा, बसा. पुढच्या खिंडीपर्यंत चला आमच्याबरोबर."

एसटी निघाली. मास्तर फोन तळहातावर धरून उभे, आणि तिकिटं विचारताना ओरडावं तसे ओरडत होते, "ड्रायव्हर, खड्डा चुकवा! पेशंट हाय गाडीत!" माणसं हसली, पण रेघ पुरी होत आली तशी सगळी माना लांबवून बघू लागली. फोन उघडला. मास्तरांनी भाचीनं कार्डात घातलेला मराठी आवाज चढवला, घाम पुसला आणि फोन आबांच्या हातात दिला. आबांनी बोट टेकवलं. आतून एक बाई कोरड्या, ठणठणीत आवाजात बोलली, "घड्याळ."

आबांनी पुन्हा बोट टेकवून तेच ऐकलं. मग म्हणाले, "हिचं मराठी पुण्याकडचं वाटतंय."

"शिकंल की. कोल्हापूरचं पाणी लागू दे."

खिंडीत आम्ही उतरलो आणि चालत घरी आलो. वाटभर आबा त्या बाईला वेळ विचारत होते.

दोनेक वर्षांनी गावाजवळ टॉवर उभा राहिला. रेंज आली. पोरीबाळी घरात बसून फोन अपडेट करू लागल्या. दुपारची एसटी आली की तिच्याभोवतीची गर्दी हळूहळू विरत गेली. एका दुपारी आबा म्हणाले, "मास्तरांच्या गाडीत आज आवाज न्हाय. मला ने."

मास्तर मागच्या बाकावर एकटेच जेवत होते. आबा शेजारी बसले. मास्तरांनी अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

"गिऱ्हाईक न्हाय व्हय आज?"

"न्हाय. बरंच झालं की. भाकरी ऊन हाय तवर पोटात जातीया." मग जरा थांबून म्हणाले, "उद्यापास्नं मला इचलकरंजीचा रूट दिलाय, आबा. कुणाला सांगितलं न्हाई. सांगायचं तरी काय?"

आबांनी भाकरी संपवली, चाचपडत मास्तरांचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले, ड्रायव्हरचा हॉर्न होईपर्यंत.

आम्ही उतरलो, एसटी गेली. धूळ बसली. मी आबांचा हात धरून म्हटलं, "चला, गेली गाडी."

"थांब जरा," आबा खिंडीकडे कान लावून म्हणाले, "मला अजून ऐकू येतीया."