जब्बारभाई आणि एकशे चौदा नंबर

लोणी काळभोरच्या बाजूला औषधनिर्माणशास्त्राचं एक कॉलेज आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांना ती जाहिरात वाटेल. तिथे दोन वर्षं एका पांढऱ्या पुडीचं कौतुक चाललं होतं. प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन, नंबर एकशे चौदा. त्याने स्मरणशक्ती वाढते, असं त्यांचं म्हणणं. खरोखर वाढते का, हे अजून उंदरांवर पाहायचं होतं. अभिनंदनाचा फलक मात्र फाटकावर आधीच लागला होता.

त्या उंदरांचं सगळं पाहायचे जब्बार तांबोळी. बिबवेवाडीत आमच्या मागच्या इमारतीत राहतात. त्यांच्या मुलीला, सुमय्याला, मी चौथीत शिकवलं, तेव्हापासूनची ओळख. प्राणीगृहात एकतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला आठ महिने उरलेले. बुटके, काटक, शर्टाच्या बाह्या बारा महिने कोपरापर्यंत दुमडलेल्या. उंदराला मानेमागे असं चिमटीत धरतात, की आपल्याला पकडलंय हे त्याला कळेपर्यंत डोस पोटात गेलेला असतो. हाताला किती चावे बसले, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उंदरांचे तीन. माणसांचे मोजले नाहीत."

एकशे चौदाबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. "बाई, डॉक्टरेट झालेली माणसं कपाळावर चष्मा ठेवून तो टेबलावर शोधतात. पहिला डोस त्यांना द्यायला पाहिजे," असं ते म्हणत. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मुलाच्या नीटच्या परीक्षेसाठी चिमूटभर पूड मागितली. जब्बारभाई शांतपणे म्हणाले, "देतो की. पण नियमाप्रमाणे आधी आठवडाभर पिंजऱ्यात राहावं लागतं." गृहस्थ अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. नुकसान कुणाचंच झालेलं नाही.

उंदरांची परीक्षा अशी असे. एक मोठी गोल टाकी, त्यात दुधाची पावडर कालवून पांढरं केलेलं पाणी. पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा पाट, नेहमी एकाच जागी. उंदराला पोहायला सोडायचं. पाट दिसत नाही, म्हणून तो खोलीतली खिडकी, कपाट अशा खुणा लक्षात ठेवून पाटाची जागा शोधतो. जितक्या लवकर सापडेल तितकी आठवण चांगली.

तुलनेसाठी साध्या पाण्याचा डोस दिलेले उंदीर सकाळी पोहत. तेव्हा जब्बारभाई पिंजरे धूत असत, म्हणून अवनी ही संशोधन करणारी मुलगी ते काम एकटी करी. एकशे चौदावाले उंदीर दुपारी. तेव्हा जब्बारभाई हाताशी असत. ते टाकीच्या पाटाकडच्या बाजूला, गरम पाण्याच्या नळाजवळ उभे राहत, कारण तिथल्या पाइपवर त्यांचा टॉवेल तापत ठेवलेला असे. पाटावर चढलेल्या उंदराला उचलायचं, टॉवेलात गुंडाळायचं आणि चोळून कोरडं करायचं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ओला जीव वाऱ्यावर ठेवू नये, एवढंच त्यांचं शास्त्र.

निकाल झकास आले. साध्या पाण्यावरच्या उंदरांना पाट सापडायला चाळीस सेकंद, एकशे चौदावाल्यांना अकरा. विभागप्रमुख पूर्णिमा मॅडम हवेत तरंगू लागल्या. एक औषध कंपनी पाहायला येणार होती.

डोस संपल्यावर आठ दिवसांनी शेवटची परीक्षा होती. तेवढ्यात जब्बारभाईंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि ते घरी राहिले. अवनीने परीक्षा घेतली. एकशे चौदावाले उंदीर टाकीभर भरकटत राहिले. एकालाही पाट धड सापडला नाही.

पुडीत काही खोट असेल, ही शंका मॅडमना शिवली नाही. खोट शिपायातच असणार. जब्बारभाई रुजू झाले त्या दिवशी टेबलावर मेमो होता. रजेवर जाण्याच्या घाईत शेवटच्या दिवसांचे डोस त्यांनी बेसिनमध्ये ओतले, असा आरोप.

"मॅडम, रजिस्टर बघा. प्रत्येक डोसची वेळ आहे, उंदराचं वजन आहे, माझी सही आहे."

"सही काय, कुणीही करतं," मॅडम म्हणाल्या. वरसुद्धा पाहिलं नाही.

त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. हे मला त्यांच्या पत्नीने, नाजिमाभाभींनी सांगितलं. एकतीस वर्षांत त्या रजिस्टरात खाडाखोड नव्हती. त्या सहीची किंमत एका वाक्यात शून्य झाली होती, आणि सेवापुस्तकात तसं लिहिलं जाणार होतं. रात्र होईपर्यंत ते एकच घोकत होते. खिडकी तीच, कपाट तेच, पाट तिथेच. मग बदललं काय?

"तुम्ही नव्हता, अजून काय!" नाजिमाभाभी वैतागून म्हणाल्या. "इथेसुद्धा तुम्ही नसलात की मांजर दुधाला तोंड लावत नाही. आता तुम्हीही लावू नका, बसा उपाशी!"

जब्बारभाई ताडकन उठून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना गाठलं. "उंदीर परत एकदा सोडा. मी नळाजवळ नाही, समोर दाराजवळ उभा राहतो."

"म्हणजे ते तुमचं तोंड बघून पोहतात?"

"तोंड नसेल, टॉवेल असेल. आपण एकदा बघा तर. दहा मिनिटांचं काम आहे."

अवनीने एकशे चौदावाले उंदीर एकेक करून सोडले. पहिला थेट दाराकडे गेला आणि जब्बारभाईंच्या समोर, पाट नव्हताच तिथे, टाकीच्या भिंतीला पंजे मारत राहिला. दुसराही तसाच. आठांपैकी सात. प्रत्येकाला जब्बारभाईंनी वाकून उचललं आणि पुसलं. "माफ कर रे बाबा," असं पुटपुटत होते. आपल्या भरवशावर आलेल्याला फसवणं त्यांना जड गेलं होतं.

दोन वर्षं ज्या आठवणीचा गाजावाजा झाला ती पुडीची नव्हती. एक माणूस रोज एकाच जागी गरम टॉवेल घेऊन उभा राहत होता, तेवढं उंदरांनी लक्षात ठेवलं होतं. उंदरांना कळलेली ही गोष्ट दोन डॉक्टरेट असलेल्या बाईंना कळली नव्हती.

पण मॅडम डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे जब्बारभाई, मेमो फाडून टाकू. फक्त कंपनीची माणसं येतील तेव्हा तुम्ही आपले नेहमीसारखे नळाजवळ उभे राहा."

जब्बारभाईंनी टॉवेल पिळला, दोरीवर टाकला आणि म्हणाले, "मॅडम, डोस ओतले नव्हते म्हणून माझं नाव साफ व्हायला पाहिजे. तिथे उभा राहिलो म्हणून नाही. कंपनीला टॉवेल विकायचा असेल तर सांगा, घरी अजून दोन आहेत."

अवनी बाहेर जाऊन रडली. तिची दोन वर्षं पाण्यात गेली होती. मग आत येऊन तिने त्या दिवसाचा निकाल प्रयोगाच्या रजिस्टरात लिहिला, जब्बारभाई कुठे उभे होते तेही लिहिलं, आणि खाली सही केली. त्या रजिस्टराची पानं छापील क्रमांकांची, फाडता येत नाहीत, आणि दर महिन्याला ते प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीपुढे जातं. समितीने प्रश्न विचारले. कंपनीची भेट पुढे ढकलली गेली. फलक 'वाऱ्याने' पडला.

पंधरा दिवसांनी जब्बारभाईंना एका ओळीचं पत्र मिळालं. 'प्रशासकीय कारणास्तव मेमो मागे घेण्यात येत आहे.' पोच म्हणून सही करा, असं मॅडम म्हणाल्या.

"यात डोसचं काही नाही," जब्बारभाई म्हणाले.

"मेमो मागे घेतलाय ना? अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"डोस दिले होते, असं पाहिजे."

"तुम्ही फार ताणताय."

"मी बसतो बाहेर. आपलं सावकाश होऊ द्या."

ते तासभर बाहेरच्या बाकावर बसले. पिंजरे धुवायची वेळ झाली तेव्हा उठले, पिंजरे धुतले, आणि परत येऊन तिथेच बसले. चारच्या सुमाराला पत्र पुन्हा आलं. 'श्री. जब्बार तांबोळी यांनी सर्व डोस नियमानुसार दिले होते.' त्यांनी नव्या डोळ्याने ते दोनदा वाचलं, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही केली.