पारावर नेलेला सुनेचा फोन

२०२० साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आष्ट्याच्या अलीकडं आमचं गाव. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण म्हशीतलं मला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं आणि हे मी डॉक्टरच्या तोंडावर सांगतो.

सून पाटणकडची, बारावी झालेली. मुलगा फौजेत, त्या वर्षी सरहद्दीवर. टाळेबंदीत घरात बसून सून माझे व्हिडिओ काढायला लागली. लाथाळ म्हैस कशी धरायची, पान्हा चोरणारीला कसं चुचकारायचं, कास कशी धुवायची. मी लांबण लावायचो, ती ते मिनिटभरात बसवून त्या चिनी ॲपवर टाकायची. कुठल्या कुठल्या जिल्ह्यातल्या बायका खाली प्रश्न विचारायच्या. उत्तरं आधी मी सांगायचो, पुढं पुढं तीच द्यायला लागली. आणि बरोबर द्यायची.

जूनच्या शेवटी सरकारनं ते ॲप बंद केलं. सरहद्दीवर आपली पोरं मारली गेली होती, गावात राग होता, मलाही होता. गावातल्या एका निवृत्त सुभेदारानं ठरवलं की सगळ्यांनी पारावर यायचं आणि चारचौघांदेखत ॲप फोनमधून काढून टाकायचं. जत्रेत पहिला नारळ कुणी फोडायचा याचा मान असतो, तसा याचाही मान झाला.

"आबा, पोरगं तुमचं सरहद्दीवर. पयला मान तुमचा," सुभेदार म्हणाला.

माझ्या फोनला नुसती बटणं. म्हणून घरी आलो. सून धारेला बसली होती. मी कट्ट्यावरचा तिचा फोन उचलला. तो कसा उघडायचा, हे तिनंच मला शिकवलं होतं. पारावर सुभेदारानं बोट दाबून धरलं, ॲप गेलं, टाळ्या वाजल्या. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन फोन दिला, तर ती आधी त्यात व्हिडिओ शोधायला लागली. टाकायचे राहिलेले सव्वीस व्हिडिओ त्या ॲपच्या पोटातच होते. ती ते एकेक करून बाहेर काढून ठेवत होती. आता सगळेच गेले.

"मामा, देशासाठी मी सोताच काढलं असतं. पर मला इचारलं का न्हाई?"

"सरकारचा हुकूम हाय."

"ॲप बंद करायचा हाय. माझा फोन उचलायचा कुटं हाय?"

पदर खोचून ती पाराकडं निघाली. मी मागं. आमच्यात बायका पारावर चढत नाहीत. ती खालीच उभी राहिली, पण आवाज वर गेला.

"भाऊजी, लोकांचं फोन उघडायला तुमाला कुणी सांगितलं?"

सुभेदार हसला. "वैनी, नवरा सरहद्दीवर, आन् तुमी चायनाची बाजू घेता व्हय?"

"त्याचीच बाजू घेती. त्यो काय राखाय बसलाय तितं? हितं माझ्या घरात मला कुणीतरी इचारावं, एवढंच की!"

"आबा, सुनंला आवरा रं!" कुणीतरी ओरडलं.

मी तिच्याकडं बघितलं. बिथरलेल्या म्हशीपुढंसुद्धा ती अशीच पाय रोवून उभी राहते, ते मीच तिला शिकवलं होतं असं मला वाटायचं. ते तिचं आधीपासूनचं होतं.

मग तिनं विचारलं, "आनखी कुणी बायकूचा, सुनंचा फोन न इचारता आणलाय?" तिघं-चौघं आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

"तक्रार असंल तर लेखी द्या," सुभेदार म्हणाला. त्याला वाटलं, मिटलं.

दिवेलागणीला तिनं ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला आणि मला वाचून दाखवला. माझा फोन माझ्या परवानगीशिवाय सासऱ्यांनी नेला. यापुढे कोणाचाही फोन त्याच्या संमतीशिवाय उघडू नये, असा ठराव व्हावा.

"ते सासऱ्यांनी तेवढं काढ की."

"खोटं हाय का, मामा?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या."

खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती. कोण सही करणार, हे तिनं मला विचारलं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधून मी तो अर्ज घेऊन निघालो. नेऊ का म्हणून तिला आधी विचारलं. पंचायतीतला कारकून म्हणाला, "आबा, ह्यो तर तुमच्याच इरुद्ध हाय." त्यानं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केला. मी तो बाजूला सारला, पेन मागून घेतलं आणि साक्षीदार म्हणून एकेक अक्षर काढत पूर्ण नावाची सही केली.