पोपटीचा निबंध

मडकं फाटकन तडकलं, राख उडाली आणि माझी मैत्रीण हातातली वही जाळात टाकायला निघाली. मी तिचं मनगट धरलं. ती माझ्यापेक्षा धिप्पाड होती, तरी सोडलं नाही.

वहीत तिचा निबंध होता आणि दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला साहेब येणार होते. राज्य इंग्रजांचं होतं, पण साहेब आपलाच, देशावरचा. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, साहेबाने निबंध चांगला म्हटला तर पाचवीला अलिबागला मामाकडे धाडीन, नाहीतर चौथीनंतर शाळा बंद. चौथीत मुली आम्ही दोघीच. माझी शाळा सुटणार हे ठरलेलंच होतं आणि मला त्याचं फार काही वाटत नव्हतं. तिला मात्र मास्तरीण व्हायचं होतं.

मास्तरांनी विषय दिला होता, आमच्याकडची एक रीत. तिने पोपटी घेतली. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती जाळ करायचा. मास्तर मला म्हणाले, "तू वाच हिचा निबंध. तुला गोड बोलता येत नाही, ते बरं आहे."

मी वाचला आणि सांगितलं, "शेवटचं कुणाला समजणार न्हाय."

"गावातल्या शेंबड्या पोराला पण समजंल," ती म्हणाली.

दोन दिवस हुज्जत चालली. शेवटी मी म्हटलं, लिहिलंय तसंच करून बघू. दुपारी तिच्या परसात पोपटी लावली. ती वाचत होती, मी करत होते. पाला कुठे, मडकं कसं, सगळं नीट लिहिलं होतं. मग तिने वाचलं, "थोड्या वेळाने मडक्यावर पाणी मारावे." मी तांब्या उचलला आणि अख्खा ओतला.

खरं तर बोटं बुडवून चार थेंब उडवायचे असतात. ते चर्र करून लगेच आटले की शेंगा झाल्या. हे मला माहीत होतं. मडकं फुटेल असं मात्र वाटलं नव्हतं. जाळ विझेल, एवढाच माझा अंदाज.

"तुला ठाऊक व्हतं ना गो!" ती रडत ओरडली.

"मला ठाऊक हाय. साहेबाला कुठं ठाऊक हाय?"

"मग तोंडानं सांगायचं!"

"दोन दिस सांगते हाय. ऐकलंस?"

आतून तिची आई आली. "मेल्यांनो, एका निबंधाला एक मडकं? वर्षाची परीक्षा होईस्तो घरात भांडं उरायचं न्हाय!" असं म्हणून तीच हसायला लागली. मग मैत्रीणही नाक पुसून हसली आणि वही तिने जाळापासून लांब ठेवली.

राखेतल्या अर्धकच्च्या शेंगा खात आम्ही बसलो आणि मी साहेब झाले. पाणी किती? कशाने? कशासाठी? ती उत्तर देई आणि तेच लिहून काढी. माझा शब्द मी एकही घातला नाही, लिहिणं तिचं होतं. एक ओळ ती खोडायला निघाली, 'धुराच्या आधी वास जातो आणि शेजारी उगाच चौकशीला येतात.' ती मी खोडू दिली नाही.

"ह्ये राहू दे. ह्ये वाचून मला भूक लागली." तिचं मी केलेलं कौतुक तेवढंच.

साहेबांनी निबंध उभ्याने वाचला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला. "शेंगा झाल्या हे ओळखायचं कसं, ते छान लिहिलंस," असं तिला म्हणाले आणि मास्तरांना हळूच विचारलं, "इथे खायला मिळेल का?" मास्तरांनी तिच्या बापाला निरोप धाडला. बापाने शेजाऱ्यांचं मडकं मागून आणलं. शेंगा सोलता सोलता साहेब त्याला म्हणाले, "मुलगी हुशार आहे, शिकवा." बापाने त्यांच्यापुढे आणखी शेंगा सारल्या. साहेब गेल्यावर बायकोला म्हणाला, "तुझ्या भावाला कळव."

ती अलिबागला गेली, शिकली, मास्तरीण झाली आणि चौलला मुलं शिकवता शिकवता म्हातारी झाली. मास्तर, साहेब, तिचे आईबाप केव्हाच गेले. गेल्या पावसाळ्यात तीही गेली. मी आहे.