पाववाल्याची चादर

दोरीवाली नवी नवरी होऊन त्या गल्लीत आली, त्याच आठवड्यात दाराआडून तिच्या कानावर एक भांडण पडलं. बाहेर तिची सासू आणि समोरचा पाववाला एकमेकांना भिडले होते. पाववाला तेव्हा ऐन तारुण्यात, मिशीला पीठ लागलेलं. आणि सासूच्या तोंडाचा पट्टा सुटला की गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट बदलायची.

"तुमच्या कपड्यांचं पाणी माझ्या पावांवर गळतं. गिऱ्हाईक विचारतं, पावाला साबणाचा वास कसा?"

"बरं झालं की. तुझ्या पावाला एकदाचा कसला तरी वास आला."

"भिंत माझी आहे. उद्या खुंटी उपटून टाकतो."

"उपट. भिंत तुझी, कबूल. पण ऊन कुणाचं? तेही तुझ्या बापानं भट्टीत भाजून काढलं का?"

दाराआड नवरी तोंडावर हात दाबून हसत होती. पण ते हसू फार टिकलं नाही. खुंटी गेली तर घरातली चूल विझणार, एवढं तिलाही कळत होतं. लोकांचे कपडे धुवायचे हाच त्या घराचा धंदा. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या भिंतींत खुंट्या ठोकून आडव्या दोऱ्या बांधल्याशिवाय एक रुमालसुद्धा वाळला नसता. ऊन तर त्या गल्लीत पाहुण्यासारखं यायचं. उशिरा यायचं आणि जरा टेकलं की निघायचं.

शेवटी सासूच नरमली. म्हणजे तिच्या मानाने नरमली. "दोरी तुझ्या फळीवरून बाजूला घेते. आणि वर तुझी चादर आम्ही धुऊन देऊ. फुकट. ही भिंत उभी आहे तोवर."

"रोज?" पाववाल्याने विचारलं.

"रोज कशाला रे मेल्या? करतोस काय त्या चादरीवर?"

सगळी गल्ली हसली, पाववाला कानापर्यंत लाल झाला, आणि भांडण मिटलं. पुढे ज्यानं ज्यानं खुंटीला भिंत दिली, त्याची चादर सासूच्या आणि मग सुनेच्या हातून धुऊन निघाली. भाडं नाही, पावती नाही.

सासू गेली, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली. दोऱ्या राहिल्या, म्हणून बाईचं नावच दोरीवाली पडलं. तिची बोटं साबणाच्या पाण्याने हिवाळ्यात चिरायची. पाणी उकळायचं, चादरी बुडवायच्या, घासायच्या, पिळायच्या, मग उंच काठीने दोरीवर चढवायच्या. मोठी चादर एकटीला पिळवत नाही. मग ती रस्त्यातल्या कुणालाही हाक मारायची, "ए बाबा, हे टोक धर जरा." पोस्टमननं धरलंय, डॉक्टरनं धरलंय, एकदा तर एका चोरानं धरलं होतं म्हणे, आणि पिळून झाल्यावर तो लाजून रिकाम्या हाताने निघून गेला. हे दोरीवालीच सांगायची, तेव्हा खरं किती मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मग एक दिवस गल्लीत साहेब आला. गळ्यात ओळखपत्र, हातात गुंडाळलेला नकाशा, पायात पांढरे बूट. त्या गल्लीत पांढरे बूट घालून येणारा माणूस किती दिवस टिकणार, असं सगळ्यांना वाटलं. पण टिकला. त्यानं चौकात खुर्च्या मांडून लोकांना जमवलं आणि सांगितलं, की शहराचा हा जुना भाग फार मोलाचा आहे, आणि आता त्याचं पुनरुज्जीवन होणार आहे.

"म्हणजे काय हो?" दोरीवालीने मागून विचारलं.

"म्हणजे मावशी, गल्लीत पुन्हा जीव आणायचा."

"आता काय मेलीय? सकाळपासून कोकलतेय, तुम्हाला ऐकू नाही येत?"

लोक हसले. साहेबही हसला. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, ही मोठी पंचाईत. हसत हसतच त्यानं सांगितलं, की घरांची दुरुस्ती होईल, भिंती एका रंगात रंगतील, तळमजल्यावर दुकानं येतील, आणि भाडेकरूंना शहराबाहेर नव्या इमारतीत हक्काची खोली मिळेल. भिंतींतल्या खुंट्या मात्र काढाव्या लागतील. दर्शनी बाजूला कपडे चालणार नाहीत. दिसायला बरं दिसत नाही.

"कुणाला बरं नाही दिसत?"

"बघायला येणाऱ्यांना."

"आणि राहणाऱ्यांना?"

साहेबाने नकाशा उलगडला आणि दुसऱ्याच माणसाच्या प्रश्नाला उत्तर दिलं. जाता जाता त्यानं विचारलं, की या खुंट्या ठोकायला परवानगी कुणी दिली होती. "सासूबाईंनी," दोरीवाली म्हणाली. "त्यांना विचारायचं तर वर जावं लागेल. जाता?"

त्याच महिन्यात माणसं शिडी घेऊन आली. करवतीच्या चाकाने खुंट्या कापल्या, भोकं बुजवली, वर गिलावा केला. आयुष्यभर चादरी टांगल्या, त्या जागी बोट फिरवलं तर खाचसुद्धा लागेना. दोरीवालीला आठव्या मजल्यावर खोली मिळाली. खोली चांगली होती, नळाला पाणी होतं, खोटं कशाला बोला. पण बाल्कनीसमोर दुसरी इमारत छातीला छाती लावून उभी, आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला तिथंही बंदी. धुणं वाळवायला जागा नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकं एकेक करून गेली. धंदा संपला. राहिली ती पाववाल्याची एक चादर.

पाववाला आता म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला होता. भट्टी बंद, खाली कॉफीचं दुकान निघालेलं, हा वरच्या खोलीत सुनेच्या स्वाधीन. आता मात्र त्याला चादर रोज लागायची. पाठीला जखमा झाल्या होत्या. ओलसर चादर अंगाखाली गेली की त्या चिघळायच्या.

"आमच्याकडे मशीन आहे हो मावशी," सून म्हणायची. "उगाच बसने येता-जाता. आता कसलं देणं राहिलंय?"

"भिंत उभी आहे ना? मग झालं."

एक चादर घेऊन जायची, एक आणून द्यायची. आठव्या मजल्यावर ती खुर्च्यांच्या पाठींवर चादर पसरायची, खाली पंखा लावायची. पण कोंदट खोलीत पसरलेली चादर वाळते कुठं? घडीत ओल राहतेच. एकदा म्हाताऱ्याने नाक चादरीला लावलं आणि म्हणाला, "हिला ऊन नाही लागलं."

"नाही लागलं."

"सासू असती तर भांडली असती."

"मी काय कमी भांडले? त्या मेल्या साहेबाला ऐकूच येत नाही."

म्हातारा कुशीवर वळला, तेव्हा त्याची पाठ दिसली. त्या दिवशी घरी गेल्यावर दोरीवालीने चादरीखालचा पंखा रात्रभर चालू ठेवला.

गल्लीच्या उद्घाटनाच्या दिवशी तिच्या पिशवीत धुतलेली चादर होती. आदल्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं, त्यामुळे ती चांगलीच ओली होती. सुनेच्या खिडकीत घटकाभर टाकू, असा तिचा बेत. ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि जागच्या जागी थांबली.

गल्लीत दोऱ्या बांधल्या होत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आडव्या, एकामागे एक. त्यांवर लाल, पिवळे, निळे कपडे, कडक इस्त्रीचे, एकदाही कुणाच्या अंगाला न लागलेले. चिमटेसुद्धा रंगवलेले. खाली एक जुनं घमेलं ठेवलं होतं आणि त्यात फुलझाडं लावली होती. पाटी होती, 'जुन्या गल्लीचं जिवंत रूप'.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते दोरीवालीला त्या क्षणी कळलं. ज्या भिंतीतून तिची खुंटी कापून काढली, त्याच भिंतीत नवी पितळी खुंटी बसवली होती. हातभराचंही अंतर नव्हतं. कपडे बरे दिसत नव्हते, कारण ते माणसांचे होते. आता ते कुणाचेच नव्हते, म्हणून बरे दिसत होते.

ती भिंतीशी गेली. सजावटवाल्याची काठी टेकवून ठेवलेली होती, ती उचलली, एक पिवळा सदरा खाली काढला आणि त्या जागी पाववाल्याची चादर चढवली. चादर मधोमध झिजलेली, कडेला ठिगळ, एक डाग कायमचा. पाणी टपटप गळू लागलं.

पहारेकरी धावत आला. "आजी, हे काय? ही सजावट आहे."

"आणि हे धुणं आहे. एक टोक सरळ कर जरा, सुरकुती पडलीय."

सवयीनं हुकूम ऐकणारा माणूस तो, त्यानं टोक सरळ केलं. तेवढ्यात पाहुणे आले, पुढे साहेब, तेच बूट. चादर बघून साहेबाचं हसू पहिल्यांदाच मावळलं. तो काही बोलणार, तोच मुख्य पाहुणे चादरीखाली उभे राहिले, त्यांच्या कोटावर थेंब पडला, आणि ते खूश होऊन म्हणाले, "वा, अगदी खरं वाटतं."

"खरंच आहे," दोरीवाली म्हणाली. "ही ज्याच्या अंगाखालची आहे, तो वर पडलाय. पाठ सडलीय त्याची. चला, दाखवते."

फोटोवाल्याने यंत्र खाली केलं. पाहुणे घड्याळ बघत पुढे सरकले. साहेब मागे राहून दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, संध्याकाळी या दोऱ्या निघणार आहेत. रोज रोज हे चालणार नाही."

"रोज म्हणाले का मी? ऊन आहे तोवर थांबते."

चौकात भाषणं झाली. ती काठी धरून चादरीखाली उभी राहिली, मध्येच बाजू पालटली. ऊन छपरावर चढलं तशी तिनं चादर उतरवली, गालाला लावून पाहिली आणि पिवळा सदरा परत टांगला, कारण दुसऱ्याचा कपडा जमिनीवर टाकायची तिला सवय नव्हती.

वर सुनेचं सामान बांधून झालं होतं. घर विकत घेतलेल्या नव्या मालकाने खोली मागितली होती, आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला थोरल्या मुलाकडे, दुसऱ्या शहरात न्यायचं होतं. "मावशी, आता नका येऊ," सून म्हणाली.

दोरीवालीने तिला म्हटलं, "ते टोक धर."

दोघींनी म्हाताऱ्याला कुशीवर केलं, अंगाखालची चादर ओढून काढली, उन्हात वाळलेली घातली. कोपरे गादीखाली खोचले, पाठीखालची सुरकुती तळव्याने सारखी केली. म्हाताऱ्याने नाक चादरीला लावलं आणि डोळे मिटले. मळकी चादर दोरीवालीने घडी करून पिशवीत घातली, नेहमीसारखी, आणि बस चुकू नये म्हणून भराभर जिना उतरली.